२.३३ मिलिमीटरची कथा

पुणे

चि. सलील यास,

ब्रिटनमधील मॉडेल रेल्वेच्या बाजारात एकाच प्रमाणातल्या आणि दिसायला अगदी सारख्या अशा दोन वाघिणी वेगवेगळ्या रुळांसाठी बनलेल्या असू शकतात; एकीच्या आसावरील दोन चाकांच्या आतील बाजूंमध्ये साधारण १४.५ मिलिमीटर अंतर असते, तर दुसरीत तेच अंतर १७.७५ मिलिमीटर भरते. ऑक्सफर्डला चिरंजीवाच्या हाती आलेली जुनी कोळशाची वाघीण, त्याने कळवलेल्या मापावरून, दुसऱ्या प्रकारची आहे, आणि त्याच्या रुळांवर ती बसत नाही हा तिच्यातला दोष नव्हे. तिच्या आधीच्या मालकाने कारखान्यातली चाके काढून तिथे अधिक बारीक कडांची आणि योग्य अंतरावर बसवलेली चाके हेतुपुरस्सर घातली आहेत. एवढ्याशा फरकासाठी धडधाकट वस्तू उलगडून पुन्हा का बांधावी, हा चिरंजीवाचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरात ब्रिटिश मॉडेल रेल्वेचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या कराव्या लागतात. प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पटींनी लहान केली आहे ते सांगणारी संख्या, आणि गेज म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधले अंतर. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रमाणात मूळच्या १ फुटासाठी ४ मिलिमीटर घेतले जातात, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या ७६.२ पट लहान असते. ब्रिटनच्या मुख्य लोहमार्गांचे गेज ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर असल्यामुळे या प्रमाणात ते १८.८३ मिलिमीटर यायला हवे. परंतु दुकानात मिळणारे ‘ओओ’ नावाचे रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे, म्हणजे २.३३ मिलिमीटरने अरुंद असतात. हे १६.५ मिलिमीटर मूळ मापात परत नेले तर ४ फूट दीड इंच होतात, म्हणजे गाडीचे वरचे अंग पूर्ण रुंदीचे आणि पायाखालची वाट सात इंचांनी अरुंद, अशी ती रचना असते. समोरून पाहिले की इंजिनाची चाके पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात ती यामुळे.

ही विसंगती अज्ञानातून आलेली नव्हती. युरोप खंडात १ फुटाला साडेतीन मिलिमीटर घेणारे ‘एचओ’ प्रमाण रुळले आणि त्यात १६.५ मिलिमीटर हे गेज बरोबर बसते. ब्रिटनमधले बोगदे, पूल आणि फलाट मात्र खंडातल्यापेक्षा अरुंद मापाने बांधलेले असल्यामुळे तिथली इंजिनेही अंगाने लहान होती, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या विजेच्या मोटारी साडेतीन मिलिमीटर प्रमाणाच्या ब्रिटिश इंजिनात सहज मावत नव्हत्या. शिवाय खेळण्याच्या जाड चाकांमुळे बाहेरचे सिलिंडर आणि दांडे यांना जागा उरत नव्हती. त्यावर तोडगा असा निघाला की रूळ होते तेच ठेवावेत आणि त्यांवर चालणारी गाडी ४ मिलिमीटर प्रमाणाने थोडी मोठी करावी. मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही मॉडेल रेल्वे बाजारात आणली तेव्हा हा तोडगा घरोघरी पोचला, आणि एकदा लाखो रूळ व गाड्या त्याच मापाच्या झाल्यावर, मोटारी लहान होऊन मूळ अडचण नाहीशी झाली तरी माप बदलणे कोणत्याही उत्पादकाला शक्य राहिले नाही.

ज्यांना ही तडजोड मान्य नव्हती त्यांच्या प्रयत्नांतून ‘फाइनस्केल’ ही परंपरा उभी राहिली, म्हणजे चाके, रूळ आणि सांधे यांची मापे शक्य तितकी मूळ रेल्वेच्या प्रमाणात ठेवण्याची परंपरा. तिची पहिली व्यवहार्य पायरी ‘ईएम’ या नावाने ओळखली जाते. तिचे गेज आरंभी १८ मिलिमीटर होते, पुढे ते १८.२ झाले, आणि तिचा पुरस्कार करणारी ईएम गेज सोसायटी १९५५ मध्ये स्थापन झाली. दुसरी पायरी १९६६ मध्ये मॉडेल रेल्वे स्टडी ग्रुप या अभ्यासगटाने मांडली. केवळ रूळ रुंद करून भागणार नाही, तर चाकाचा छेद, त्याच्या कडेची खोली आणि सांध्यातल्या फटी हे सारे एकाच हिशेबात मूळ रेल्वेवरून उतरवले पाहिजे, असे या गटाचे म्हणणे होते, आणि त्यातून १८.८३ मिलिमीटर गेजची ‘प्रोटोफोर’ किंवा ‘पी-फोर’ ही मानके जन्माला आली. चिरंजीवाची वाघीण याच मानकांची आहे.

या मानकांचे मर्म सांध्यात कळते. गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जिथे वळते त्या सांध्यात चाकाची कडा, म्हणजे फ्लँज, दुसऱ्या रुळाला ओलांडून जावी म्हणून रुळात फट ठेवावी लागते, आणि चाकाने त्या फटीतून भलत्या वाटेला जाऊ नये म्हणून समोरच्या रुळाच्या आतून चेक रेल नावाचा एक रक्षक रूळ बसवलेला असतो. खऱ्या मार्गावर ही फट पावणेदोन इंचांची असते, म्हणजे ४ मिलिमीटर प्रमाणात ती ०.५८ मिलिमीटर येते. ओओच्या रुळांत ती साधारण त्याच्या दुपटीची असते. चाकाची जाडी, दोन चाकांमधले अंतर, फटीची रुंदी आणि चेक रेलची जागा यांपैकी एक आकडा बदलला की उरलेले सगळे बदलावे लागतात, म्हणून एकट्या माणसाने कितीही नेटके चाक बनवले तरी, रूळ बांधणाऱ्याने आणि दुसऱ्या गावच्या छांदिष्टाने तीच मापे मान्य केल्याशिवाय, त्या नेटकेपणाचा उपयोग होत नाही. फाइनस्केलच्या संस्थांनी नियतकालिके काढण्याबरोबरच चाके, आस आणि मापपट्ट्या सभासदांना पुरवण्याचे काम हाती घेतले ते याच कारणाने.

यापुढचा भाग या कथेत सर्वांत मोलाचा आहे. खऱ्या चाकाची कडा सव्वा इंचाहून थोडी कमी खोल असते. ४ मिलिमीटर प्रमाणात ती जेमतेम ०.४ मिलिमीटर उरते, आणि रुळाच्या जोडात तेवढाच उंचसखलपणा असला तर ताठ सांगाड्यावर बसवलेले चौथे चाक अधांतरी राहून रुळावरून उतरते. खेळण्याच्या खोल कडांमुळे हा दोष झाकला जात असे. खऱ्या मापाची कडा आल्यावर तो उघडा पडला. खरी वाघीण स्प्रिंगांवर तरंगते म्हणून तिची चारही चाके रुळाला धरून राहतात, हे तिचे चित्र काढणाऱ्याला माहीत नसले तरी चालते, पण तिची चालती प्रतिकृती करणाऱ्याला ते माहीत असावेच लागते. त्यामुळे पी-फोरच्या वाघिणीत एक आस पक्का ठेवून दुसरा आस मध्यभागी टेकवतात, जेणेकरून तो डावीकडे-उजवीकडे डोलू शकेल. तिवई जशी कोणत्याही जमिनीवर न डगमगता उभी राहते तशी मग वाघीण तीन आधारांवर टेकते. दुसऱ्या पद्धतीत आसाचे टोक धरणारी प्रत्येक आसपेटी अतिशय बारीक पोलादी तारेवर तोलली जाते.

वजनाच्या बाबतीत नुसती नक्कल अपुरी पडते, हेही इथेच शिकायला मिळते. लांबी ७६.२ पट कमी झाली तर घनफळ आणि त्याबरोबर वजन सुमारे ४ लाख ४२ हजार पटींनी कमी होते, म्हणजे ७ टनांची रिकामी वाघीण हिशेबाने १६ ग्रॅमची व ८० टनांचे इंजिन सुमारे १८० ग्रॅमचे व्हायला हवे. परंतु धूळ, घर्षण आणि रुळाच्या जोडांतली पायरी त्या पटीने लहान होत नाहीत. म्हणून अनुभवी कारागीर वाघिणीला दर आसामागे साधारण २५ ग्रॅम वजन देतात आणि त्यासाठी तिच्या तळाशी किंवा कोळशाच्या थराखाली शिसे दडवतात. कोणते माप मूळ रेल्वेकडून घ्यायचे आणि कोणते पदार्थविज्ञानाच्या नियमांनुसार नव्याने ठरवायचे, याचा विवेक हीच या कलेतली खरी परीक्षा आहे.

वाघिणीचे रूपांतर त्यामानाने सोपे असते, कारण ४ मिलिमीटर प्रमाणातल्या बहुतेक वाघिणींचे आस २६ मिलिमीटर लांबीचे आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार असतात, त्यामुळे जुने काढून तेवढ्याच लांबीच्या आसावर योग्य अंतराने बसवलेली नवी चाके त्याच जागी घालता येतात. तरीही काम तिथे संपत नाही. चाके बाहेर सरकल्यावर ब्रेकचे ठोकळे चाकाच्या रेषेत राहत नाहीत, म्हणून ते कापून बाहेर घ्यावे लागतात. आस एकमेकांना समांतर आहेत का ते पाहावे लागते. आणि कारखान्याने दिलेल्या जाड आकड्याच्या जागी खऱ्या वाघिणींसारखी तीन कड्यांची साखळी अडकवावी लागते.

इंजिनाचे रूपांतर ही त्याहून फार कठीण विद्या आहे. ओओसाठी केलेला अरुंद सांगाडा रुंद गेजमध्ये निरुपयोगी ठरतो, म्हणून बहुधा पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या पातळ पत्र्यातून नवा सांगाडा उभा करतात. हे पत्रे प्रकाशचित्राच्या तंत्राने आकृती उठवून आम्लाने कोरलेले असतात, आणि जिथे घडी घालायची तिथे पत्रा अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेला असल्यामुळे तो नेमक्या रेषेवर दुमडतो; मग कानस लावून कडा साफ करायच्या आणि डाख देऊन भाग जोडायचे. इंजिनाची मोठी चाके बाहेरून एका दांड्याने जोडलेली असतात, त्याला कपलिंग रॉड म्हणतात. त्या दांड्यातल्या छिद्रांमधले अंतर आणि आसांमधले अंतर तंतोतंत एक नसेल तर इंजिन प्रत्येक फेऱ्यात अडते, म्हणून कुशल कारागीर आसपेट्या डाखण्यापूर्वी दांडाच मापपट्टीसारखा वापरून त्यांच्या जागा ठरवतो. एका बाजूच्या चाकांवरील खिळा दुसऱ्या बाजूच्या खिळ्यापेक्षा ९० अंशांनी पुढे-मागे ठेवावा लागतो, कारण खऱ्या वाफेच्या इंजिनात एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचून निष्प्रभ झाला असताना दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असावा लागतो. प्रतिकृती विजेवर चालत असली तरी सर्व चाकांचा कोन सारखा नसेल तर तीही लंगडते. चाके बाहेर आल्यामुळे पुढच्या चाकाचा खिळा आणि सिलिंडरमागून सरकणारा दांडा यांच्यात जागा उरत नाही, आणि तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी झगडावे लागते.

रुळांचे वळणही असेच सत्याची किंमत सांगते. खेळण्याच्या संचातली ४३८ मिलिमीटर त्रिज्येची कमान मूळ मापात केवळ ३३ मीटर त्रिज्येची होते, आणि इतक्या तीव्र वळणावर कोणतेही मुख्य मार्गाचे इंजिन जाऊ शकले नसते. म्हणून फाइनस्केलचे लेआउट, म्हणजे रूळ, स्थानक व परिसर मिळून झालेली पूर्ण मांडणी, मोठी जागा मागतात किंवा लहान जागेत एखादे छोटे शाखा-स्थानकच निवडतात. रेव्हरंड पीटर डेनी या धर्मोपदेशकांनी १९४० च्या दशकात आरंभलेल्या आणि पुढे दीर्घकाळ वाढवत नेलेल्या ‘बकिंगहॅम’ या ईएम लेआउटने ग्रेट सेंट्रल रेल्वेचा १९०७ च्या सुमाराचा काळ निवडला आणि त्यावर वेळापत्रकानुसार गाड्या चालवून दाखवल्या. चालवणारा माणूस कमी पडला तर दुसऱ्या टोकाचे काम सांभाळणारे एक यंत्रही त्यांनी बनवले आणि त्याला मुलाच्या नावावरून ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ म्हटले.

ऑक्सफर्डपासून जवळ, लाँग विटनहॅम या खेड्यातले पेंडन संग्रहालय चिरंजीवाने अवश्य पाहावे. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांना व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली जुनी गवताची छपरे आणि घरे डोळ्यांदेखत बदलताना दिसली, आणि ती नाहीशी होण्यापूर्वी मोजून, रंगासह, ४ मिलिमीटर प्रमाणात जतन करण्याचा त्यांनी निश्चय केला. १९५४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात १९२० आणि १९३० च्या दशकांतले ते खोरे ईएम मापाच्या रुळांसह उभे आहे, आणि तिथली अनेक इंजिने गाय विल्यम्स यांनी हाताने घडवलेली आहेत. जॉन अहर्न यांची, रेल्वेला तिच्या भोवतालच्या गावासह आणि निसर्गासह मांडणारी ‘मॅडर व्हॅली’ ही आधीच्या पिढीतली मांडणीही तिथेच जपलेली आहे. या दोहोंकडे पाहिले की अचूक मापामागे ऐट नसून, गेलेल्या जगाविषयीची निष्ठा आहे, हे पटते.

या साऱ्यावरून ओओवर गाड्या चालवणाऱ्यांना कमी लेखावे असे मुळीच नाही. त्या तडजोडीनेच हा छंद सामान्य घरांत पोचवला, आणि आजही बहुसंख्य सुंदर लेआउट तिच्यावरच उभे आहेत. फाइनस्केलचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. मूळचे माप स्वीकारले की मूळचे कारणही समजून घ्यावे लागते, आणि २.३३ मिलिमीटरची दुरुस्ती करणारा माणूस स्प्रिंग, वळण, सांधा आणि वजन यांमागची खऱ्या अभियंत्यांची विचारसरणी स्वतःच्या बोटांनी पुन्हा शिकतो.

महाराष्ट्रात हाच प्रश्न अधिक मोठ्या रूपात उभा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीपासून इथले मुख्य मार्ग ५ फूट ६ इंच गेजचे आहेत, आणि पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या, १९९८ मध्ये खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयाने असंख्य मुलांना या छंदाची ओळख करून दिली असली, तरी भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती सामान्यतः तयार मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवरच चालवल्या जातात. एचओ प्रमाणात भारतीय ब्रॉडगेज १९.२४ मिलिमीटर व्हायला हवे, म्हणजे तिथली तूट ब्रिटिशांच्या तुटीहूनही मोठी आहे. याउलट ४ मिलिमीटर प्रमाणात ५ फूट ६ इंच म्हणजे बरोबर २२ मिलिमीटर होतात, आणि भारतीय रेल्वेच्या चाकांमधले १६०० मिलिमीटरचे ठरीव अंतर जवळजवळ नेमके २१ मिलिमीटर येते. पी-फोरच्या चाकांचे छेद, डोलणारे आस आणि हाताने बांधलेले सांधे यांचे सारे ज्ञान या गेजला जसेच्या तसे लागू पडते. बदलायची ती केवळ आसांची लांबी, सांगाड्याची रुंदी आणि मापपट्ट्या. एकेकाळी भोर घाटात १:३७ चढावर मालगाड्या ओढणारे, घाटातल्या लोकांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलेले विजेचे इंजिन आपल्या खऱ्या रुंदीच्या रुळांवर उभे राहिले, तरच ते त्या नावाला शोभेल असे रुंद आणि जमिनीला धरून दिसेल.

म्हणून चिरंजीवाने हाती आलेल्या वाघिणीची चाके बदलू नयेत; तिथल्या फाइनस्केल मंडळींकडून सांधा बांधण्याची आणि आस तोलण्याची विद्या शिकून घ्यावी, प्रत्येक माप वहीत कारणासह नोंदवावे, आणि पुण्याला येताना ती वही बरोबर आणावी, कारण २२ मिलिमीटरच्या मानकांचा पहिला तक्ता करण्यासाठी इथे माणसे आहेत, उत्साह आहे, आणि उणीव आहे ती अशा नोंदींची.

घरी सर्व कुशल आहेत. प्रकृतीस जपावे. कळावे.

काकांचे अनेक आशीर्वाद