तेच वळण पुन्हा

ताम्हिणी, वरंधा किंवा आंबेनळी यांपैकी कोणत्याही घाटात वर्षानुवर्षे मोटारसायकल चालविलेल्या माणसास वळण घेण्याची विद्या आता आपणास अवगत झाली असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि एका अर्थाने ते खरेही असते. कारण एकाएकी पुढ्यात उभी राहणारी एस.टी., वळणाच्या पोटात साचलेली बारीक खडी, पावसाळ्यात शेवाळलेली कड आणि भर रस्त्यात रवंथ करीत बसलेली म्हैस या सर्वांचा अदमास घेत सुखरूप घरी परतणे ही काही मामुली कामगिरी नव्हे. तथापि घाट जे शिकवितो ती मुख्यतः सावधगिरी होय. गाडी नेमक्या कोणत्या क्षणी आणि कशामुळे कलते, ब्रेक कोठे सुटतो, त्या वेळी दृष्टी कोठे असते आणि खांदे का आखडलेले असतात, हे तपासून पाहण्याची सवड घाट देत नाही, कारण घाटातले वळण एकदाच येते. परतताना तेच वळण आले तरी ते उलट बाजूने येते, उजेड पालटलेला असतो, पुढे उसाची ट्रॉली असते, आणि मघाशी आपण जे केले ते योग्य होते की केवळ निभावून गेले, याची रुजुवात करण्यास काहीच साधन उरत नाही. ट्रॅकवर मात्र तेच वळण, त्याच बाजूने, त्याच डांबरावर, दोन-सव्वादोन मिनिटांनी पुन्हा समोर येते. ट्रॅकविषयी माझ्या मनात जी कृतज्ञता आहे ती प्रामुख्याने एवढ्याच गोष्टीसाठी आहे.

माझ्या जवळिकीचा ट्रॅक मद्रासचा. शहराचे नाव बदलले तरी आम्हा मंडळींच्या तोंडी तो मद्रासचाच राहिला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शोलावरमच्या धावपट्टीवर पूर्वी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती होत; पुढे याच क्लबने श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा ट्रॅक बांधला आणि 1990 पासून तो वापरात आहे. लांबी सुमारे 3.7 किलोमीटर, वळणे 12. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करीत गेलेला 48 क्रमांकाचा महामार्ग श्रीपेरुंबुदूरवरूनच मद्रासकडे जातो, आणि ज्या गाडीवर मी तेथे शिकतो ती 373 सीसीची, एका सिलिंडरची गाडी चाकणच्या कारखान्यात तयार झालेली आहे. त्यामुळे टेंपोत बांधून ती तिकडे रवाना करताना परमुलखात पाठवीत आहोत असे कधी वाटले नाही. उत्तरेस ग्रेटर नोएडाचा 5 किलोमीटरांहून लांब बुद्ध सर्किट अधिक भव्य आहे, आणि 2023 साली जागतिक अजिंक्यपदाच्या मोटोजीपी मालिकेतील शर्यत तेथे झाली. परंतु त्याचा प्रदीर्घ सरळ पट्टा मोठ्या इंजिनांसाठी आहे. मध्यम ताकदीच्या गाडीवरून शिकणाऱ्यास मद्रासचा ट्रॅक अधिक जवळून बोलतो, असे माझे मत आहे.

सकाळी प्रथम गाडीची तपासणी होते. आरसे काढून ठेवावयाचे, पुढचा दिवा आणि इंडिकेटर यांवर टेप चिकटवावयाची, म्हणजे गाडी पडलीच तर काचेचे तुकडे ट्रॅकवर विखुरणार नाहीत. मागचा तांबडा दिवाही झाकावयाचा, म्हणजे पुढच्याने ब्रेक लावला म्हणून मागचा दचकून लावणार नाही. अनेक ट्रॅकवर रेडिएटरमधील कूलंट काढून साधे पाणी भरण्याचा शिरस्ता आहे, कारण कूलंटमधील ग्लायकोल डांबरावर सांडले असता फार निसरडे होते. टायरमधील हवा रस्त्यावरच्या मापापेक्षा बरीच कमी ठेवावी लागते. वेगाने वळणे घेता घेता रबर तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि दाब आपोआप वाढतो. चामड्याचा अखंड सूट, पाठीचे कवच, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि मनगट झाकणारे हातमोजे यांची पाहणी झाल्यावर इजा झाल्यास जबाबदारी आपली राहील अशा कबुलीनाम्यावर सही करावयाची.

आरसे काढण्यामागे काचेच्या तुकड्यांपेक्षा मोठा विचार आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ट्रॅकवरील कायदा असा की, ओलांडून जाण्याची संपूर्ण जबाबदारी मागून येणाऱ्याची. पुढच्याने आपली रेषा धरून, एकदम कोणतीही हालचाल न करता, आपल्याच गतीने जावे. कोणी कितीही वेगाने मागून आला तरी बिचकून बाजूस होण्याची मुभा नाही, आणि तशी गरजही नाही. आमच्या शहरांतील रस्त्यांवर निम्मे लक्ष मागच्या हॉर्नकडे आणि उरलेले डाव्या बाजूने घुसणाऱ्या रिक्षाकडे देण्याची सवय जडलेल्या मनास ही हमी मिळते, तेव्हा आपले अवधान किती काळ गहाण पडलेले होते याचा प्रथमच उमज पडतो.

निशाणांची भाषा थोडकी आहे. पिवळे दिसले की पुढे धोका आहे, तेथे कोणी कोणास ओलांडावयाचे नाही. तांबडे दिसले की ती पाळी तहकूब, हळूहळू पिटमध्ये परतावयाचे. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे डांबर निसरडे. काळे निशाण आपल्या क्रमांकासह दाखविले की आपणास बोलावणे आले आहे. ही निशाणे हाती घेऊन मद्रासच्या उन्हात दिवसभर उभे राहणाऱ्या मार्शल मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे. रुग्णवाहिका हजर असल्याखेरीज गाड्या सोडावयाच्या नाहीत, ती जखमीस घेऊन बाहेर गेली तर दुसरी येईपर्यंत सर्वांनी थांबावयाचे, हा दंडक पाळला जातो तेथेच मी जातो आणि इतरांसही तेथेच जाण्यास सांगतो.

ट्रॅकचा दिवस म्हणजे शर्यत नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. तेथे क्रमांक लागत नाही, बक्षीस नसते. अनुभवाप्रमाणे तुकड्या पाडून प्रत्येकीस पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या दिल्या जातात. कुस्तीचा फड आणि तालीम यांत जे अंतर असते तेच येथे आहे: तालमीत पैलवान आपल्या जोडीदारास चीत करण्यासाठी उतरत नाही, एकच डाव अंगात मुरेपर्यंत घोटण्यासाठी उतरतो, आणि जोडीदारही त्यास तो घोटू देतो. पाळीच्या मध्येच एखादा शिक्षक आपणास ओलांडून पुढे येतो, हाताने स्वतःच्या सीटच्या मागच्या टोकावर थाप मारतो, म्हणजे माझ्यामागून ये. आणि पुढील दोन फेऱ्या त्याच्या चाकामागे जी रेषा उमटत जाते, ती समजण्यास एरवी कित्येक पाळ्या खर्ची पडल्या असत्या.

आता एकच वळण घेऊ. सरळ पट्ट्यावरून गाडी ताशी 120 किलोमीटर वेगाने येत आहे, म्हणजे सेकंदास सुमारे 33 मीटर डांबर चाकांखालून जात आहे, आणि पुढे साधारण 50 मीटर त्रिज्येचा उजवा कंस आहे, जो ताशी 80 च्या वेगाने घ्यावयाचा आहे. हिशेब मांडला तर या वेगास गाडी व स्वार यांनी मिळून सुमारे 45 अंश कलणे प्राप्त आहे. कमी कलतील तर कंस फुगेल आणि बाहेरची कड जवळ येईल. स्वार डाव्या कडेलगत राहून ब्रेकची आपली खूण गाठतो. उजव्या हाताची दोन बोटे लिव्हरवर प्रथम नुसती टेकतात, पुढचे शॉकअब्सॉर्बर दबू लागतात, वजन पुढच्या चाकावर येते, रबर डांबरावर पसरते, आणि अशी पकड पैदा झाल्यानंतरच बोटे खरा दाब देतात. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते इतक्या अवधीत होते, परंतु क्रम चुकविता येत नाही. त्याच वेळी डावा गुडघा टाकीस घट्ट रोवलेला असावा लागतो, म्हणजे शरीराचा भार हातांवर येत नाही; हातांवर भार आला की हँडल जड होते आणि गाडी ऐकेनाशी होते.

मग हँडलची उजवी बाजू पुढे ढकलावयाची. उजवीकडे जाण्यासाठी चाक क्षणमात्र डावीकडे वळवावे लागते आणि त्यामुळेच गाडी उजवीकडे कलते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटते. परंतु स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने पेट्रोलवरची मोटारसायकल जन्मास येण्यापूर्वीच, 1869 साली, दुचाकीच्या गतीची मीमांसा करताना ती मांडून ठेवली होती. घरून मंडईपर्यंत स्कूटर नेणारा प्रत्येक जण नकळत हेच करीत असतो. ट्रॅकवर ते जाणून, ठराविक जागी, एकदाच आणि ठामपणे करावयाचे असते. वळणाच्या मध्यावर पुन्हा पुन्हा दुरुस्ती करीत गेलेली गाडी सारखी अस्वस्थ राहते. कलत असतानाच ब्रेक थोडा थोडा सुटत जातो आणि पूर्ण सुटतो न सुटतो तोच ॲक्सिलरेटरची मूठ केसभर उघडते. येथून पुढे मूठ फक्त वाढू शकते. भय वाटून ती एकदम मिटली तर वजन पुढे झेपावते आणि आधीच वळणात गुंतलेल्या पुढच्या टायरवर दुप्पट कामाचा बोजा पडतो.

या सर्वांत कठीण काय असेल तर दृष्टी. भय वाटले की डोळे पुढच्या चाकासमोरील डांबरावर खिळतात, किंवा ज्या कडेस जावयाचे नाही नेमके तिकडेच पाहू लागतात, आणि जिकडे डोळे तिकडे गाडी, हा नियम कोणासही चुकलेला नाही. गाडी कलण्यापूर्वीच नजर वळणाच्या पोटातील बिंदूवर असावी आणि तो बिंदू गाठण्यापूर्वीच ती उचलून बाहेर पडण्याच्या वाटेकडे न्यावी, हे कागदावर एका ओळीत लिहून होते; प्रत्यक्षात ते साधले की नाही हे त्या वळणाच्या आठव्या-नवव्या फेरीशिवाय कळत नाही. परंतु ते साधते तेव्हा वेग तोच असून रस्ता रुंद आणि वेळ मुबलक भासू लागतो. वळणाने आपणास इतका अवकाश द्यावा याचे सुख मला अन्य कोणत्याही चालविण्यात लाभलेले नाही.

कीथ कोड या अमेरिकी शिक्षकाने 1980 साली कॅलिफोर्नियात मोटारसायकलची शाळा काढली. तिचे वर्ग पुढे मद्रासच्या ट्रॅकवरही भरले. स्वाराचे अवधान म्हणजे खिशातील दहा डॉलर, असे तो म्हणतो. ज्या गोष्टीची सवय नाही तिच्यावर पाच-सहा खर्च झाले की बाकीच्यांसाठी फार थोडे शिल्लक राहते. मला त्याच्या शिकवणीत हाच विचार सर्वांत खोल वाटतो. एका पाळीत एकच गोष्ट तपासावी, हा माझा परिपाठ त्यातूनच आला. सकाळची पाळी केवळ ब्रेकच्या खुणेसाठी. पुढची केवळ नजरेसाठी. तिसरीत फक्त डाव्या गुडघ्याची पकड. वेगाकडे त्या दिवशी पाहावयाचेच नाही. तो मागाहून येतो आणि येतोच.

तरुण मंडळींचा ओढा गुडघा टेकविण्याकडे फार असतो आणि त्यांची छायाचित्रे पाहता तो समजण्यासारखाही आहे. 1972 चा 250 सीसी गटातील जगज्जेता, फिनलंडचा यार्नो सारिनेन, वळणात अंग बाहेर काढून चालवीत असे. पुढे केनी रॉबर्ट्‌स या अमेरिकी स्वाराने 1978 ते 1980 अशी तीन वर्षे 500 सीसीचे अजिंक्यपद मिळविले आणि गुडघा डांबरास लावण्याची रीत जगभर रुजली. तिच्यामागे कारण आहे. टायरला रुंदी असल्याने गाडीस हिशेबापेक्षा थोडे अधिक कलावे लागते, आणि स्वाराने आपले वजन आतल्या बाजूस उतरविले तर तेच वळण गाडी कमी कलवून घेता येते, म्हणजे टायरची पकड राखीव राहते. गुडघा हे कलाचे माप आहे. ज्याने कूल्हा न सरकविता, खांदे ताठ ठेवून, केवळ गुडघा बाहेर फेकून गाडी अधिकाधिक आडवी केली, त्याने ज्या कामासाठी ही रीत निघाली तेच नेमके उलटे केले. शिकणाऱ्याने गुडघ्याची चिंता सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुपारपर्यंत ऊन भाजू लागते, सूट आतून ओला होतो, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे लागते, कारण शरीर कोरडे पडू लागले की प्रथम अवधान जाते. दोन पाळ्यांच्या मध्ये मी टायरपाशी उकिडवा बसतो. मागच्या टायरच्या कडेस रबराच्या बारीक वळ्या निघालेल्या असतात, हात लावला तर चटका बसतो. वळ्या आखूड आणि रबराचा पोत सारखा असेल तर हवेचा दाब बहुधा बरोबर. एका बाजूस फाटल्यासारखे ओरखडे दिसू लागले तर दाब किंवा सस्पेन्शन पाहावे. पुढच्या टायरची कड एका बोटाएवढी कोरी असते. त्याचे काही वाईट वाटण्याचे कारण नाही.

दिवसाच्या शेवटच्या पाळीस उतरावे की नाही हा निर्णय मी गाडीवर बसण्यापूर्वी, चालत करतो. पिटपासून कुंपणापर्यंत फेरी मारून सकाळपासूनच्या बाराही वळणांच्या ब्रेकच्या खुणा मनात क्रमाने आणतो. एखादी आठवेना, की सूट उतरवितो आणि आरसे पुन्हा बसविण्यास घेतो. थकलेल्या माणसाचे पडणे बहुतांशी शेवटच्या पाळीत घडते, हे पिटमधील जुनी माणसे एकमुखाने सांगतात. मुख्य सरळ पट्ट्याच्या अखेरीस जे वेगवान उजवे वळण आहे, ज्यास तेथे सी-वन म्हणतात, त्याच्या तोंडाशी माझी मूठ अजूनही गरजेपेक्षा थोडी अधिक मिटते. ती भयाने मिटते की नजर उशिरा उचलली जाते म्हणून, एवढे पुढील खेपेस सकाळच्या पहिल्या पाळीत, टायर तापल्यानंतर, पाहावयाचे आहे.