फ्रायडे, फ्लॉवर आणि बाबा

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे पिझ्झा डे! ऐरोलीच्या ऑफिसातून सुटायचं, नेरूळकडे जाणारी लोकल पकडायची आणि ट्रेनमधूनच ऑर्डर टाकायची. पण दोन वर्षांपूर्वी बाबांना डायबेटिस निघाला आणि सगळा सीनच बदलला. एकदा त्यांनी चोरून दोन स्लाइस खाल्ले, तर ग्लुकोमीटरवर 236! आई दोन दिवस बोलली नाही. तेव्हापासून आम्ही हॉलमध्ये पिझ्झा खाणार आणि बाबा आतल्या खोलीत पेपर उघडून बसणार. ‘खा रे तुम्ही, मला भूक नाही.’ खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

म्हटलं, यावर काहीतरी करायलाच हवं. गणित सोपं होतं. 100 ग्रॅम मैद्यात साधारण 75 ग्रॅम कार्ब्ज आणि तेवढ्याच फ्लॉवरमध्ये जेमतेम 5. ठरलं, बेस फ्लॉवरचा!

पहिला प्रयत्न? चक्क उपमा झाला. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि ते मी काढलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मात्र सिरियसली घेतलं. अर्धा किलो फ्लॉवर किसला, पाच-सात मिनिटं वाफवला, गार झाल्यावर स्वच्छ पंच्यात बांधून जीव खाऊन पिळला. वाटीभर पाणी निघालं! मग त्यात एक अंडं, मूठभर किसलेलं चीज, मीठ, मिरपूड. बटर पेपरवर पातळ थापून ओव्हनमध्ये 200 डिग्रीवर 20-25 मिनिटं, छान ब्राऊन होईपर्यंत. मगच वर टोमॅटोची घरची प्युरी (केचप नको, त्यात साखर असते), सिमला मिरची, मोझरेला आणि पुन्हा दहा मिनिटं.

खरं सांगायचं तर हातात धरला की स्लाइस मान टाकतो. म्हणून काटा-चमचा दिला. बाबांनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे दहावीचा रिझल्ट लागतोय अशा चेहऱ्यानं बघत होतो.

‘हा काही पिझ्झा नाही,’ बाबा म्हणाले. ‘अजून आहे का?’

दोन तासांनी त्यांनी स्वतःच ग्लुकोमीटर काढला. 138! गोळ्या अर्थातच चालू आहेत, डॉक्टर सांगतील तशा. पण त्या रात्री पेपर आतल्या खोलीत गेला नाही. हॉलमध्येच उघडला आणि त्याच्या मागून आवाज आला, ‘पुढच्या शुक्रवारी जरा मशरूम घाल रे.’