देवाचा पाय

अमीरपेठेत मैत्रीवनमच्या चौकात उभं राहिलं की डोक्यावर आभाळ कमी आणि पाट्याच जास्त दिसतात. जावा, डॉट नेट, टेस्टिंग. कॉम्प्युटर शिकायला हैदराबादच्या या गल्ल्यांत गावोगावची पोरं येतात. त्यांच्या हातात पडणारी कितीतरी पत्रकं मी तयार केलेली. मी डीटीपीवाला. निपाणी सोडून १९९६ साली इथं आलो आणि काचीगुड्याजवळच्या एका छपाईच्या दुकानात बसलो. ‘नव्वद दिवसांत वेब डिझायनर व्हा’ हे वाक्य शंभर वेळा तरी टाईप केलं असेल. ते आपल्यासाठीही असू शकतं, असं कधी मनात आलं नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. क्लास बंद, पत्रकं बंद. लग्नपत्रिकाही बंद. माझं वय अठ्ठेचाळीस, मुलगी बारावीला. महिनाभर घरी बसल्यावर बायको म्हणाली, “दुसऱ्यांना इतकी वर्षं सांगितलंत, आता स्वतःच शिका की!”

क्लासची फी परवडणारी नव्हती. मुलीनं ‘फ्रीकोडकॅम्प’ दाखवलं. २०१४ पासून चाललेलं, एक पैसा न घेणारं. डावीकडं धडा, मधे आपण लिहायचं, उजवीकडं लगेच पान दिसतं. पहिला धडा मांजरांच्या फोटोंच्या पानाचा! पन्नाशीला टेकलेला माणूस रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात बसून मांजरं चिकटवतोय, हे बघून मुलगी हसायची. दिवसा कॉम्प्युटर तिच्या अभ्यासाला लागायचा, म्हणून माझी शाळा रात्रीची.

इंग्रजी धडे एकेक ओळ करून वाचत होतो. एका अर्धविरामासाठी दोन रात्री गेल्या. लेकीला विचारायची लाज वाटायची. शेवटी विचारलं तेव्हा तिनं एका मिनिटात बोट ठेवलं, “बाबा, इथं सेमीकोलन राहिलाय.” त्या रात्री मी कॉम्प्युटर बंद केला आणि चार दिवस उघडला नाही. चूक सापडल्याचं दुःख नव्हतं, ती लेकीला सापडल्याचं होतं.

परत बसलो ते अक्कामुळं. निपाणीहून तिचा फोन आला. भाचीचं लग्न डिसेंबरात ठरलेलं, मुलाकडचे हुबळीचे, घरात कन्नड बोलणारे. सरकारनं मे २०२० मध्ये लग्नाला पन्नास पाहुण्यांचीच मर्यादा घातली होती. पुढं काय नियम असतील, कुणाला ठाऊक? अक्का म्हणाली, “पत्रिका छापून वाटायची कुणाला? तू फोनवर दिसंल असं काहीतरी कर बाळू. दोन्ही भाषेत.”

आमच्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची. तो फाँट दुसऱ्याकडं नसला की पत्रिकेचा कचरा व्हायचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या ‘क’चा २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. दोघं एकाच पानावर शेजाऱ्यासारखे नांदतात. मराठी मजकुराला ‘एमआर’ आणि कन्नडला ‘केएन’ अशी भाषेची खूण लावायची, म्हणजे वाचून दाखवणारं यंत्रही गोंधळत नाही. हे कळलं तेव्हा मला आमचं निपाणीचं घरच आठवलं.

पत्रिका तयार झाली. माझ्या कॉम्प्युटरवर देखणी दिसत होती. अक्काला पाठवली. दहा मिनिटांत फोन, आवाज रडवेला. “अरे, देवाचाच पाय कापलास की रे! व्याह्यांना काय दाखवू?”

कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली बसतं, हे वाचकांना सांगायला नको. ‘श्री गणेश प्रसन्न’ या ओळीतली ती खालची अक्षरं अक्काच्या फोनवर अर्धी कापली गेली होती. तिच्या फोनचा कन्नड फाँट वेगळा. मी चौकटीची उंची ठोकून बसवली होती आणि बाहेर जाईल ते लपव, असं सांगून ठेवलं होतं.

या वेळी धडा शोधावा लागला नाही. ओत्ताक्षराला खाली जागा सोडायची, हे मी पंचवीस वर्षं कागदावर करत आलो होतो. ठोकलेली उंची काढली, दोन ओळींतलं अंतर वाढवलं. कागदावर जागा आपण मोजून देतो. इथं पान कुणाच्या हातात, केवढ्या पडद्यावर उघडेल ते माहीत नसतं, म्हणून अक्षराला हातपाय पसरायला वाव ठेवायचा. एवढंच मला कळायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा निरोप आला, “भाळ चलो आगेत्री!” अक्कानं तो मला तीनदा ऐकवला.

पुढं प्रमाणपत्र मिळालं, नोकरी कुणी दिली नाही. आज छपाईच्या जोडीला लहान दुकानदारांची दोन भाषांतली पानं करतो. घर त्यावर निम्मं चालतं, निम्मं अजून कागदावर. अडलं की आता लेकीला लगेच विचारतो. ती परवा म्हणाली, “बाबा, कन्नड अक्षरांना खाली किती जागा सोडायची असते?” मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.