एकटीनं जाण्याआधी

दीड वर्षाचं ए.एन.एम.चं शिक्षण संपवून मी मोखाड्याच्या बाजूला उपकेंद्रावर रुजू झाले, ते 1986 साल. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा व्हायला 2014 उजाडायचं होतं. आदिवासी भागात कागदावर तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र. ते लोक डोंगरउतारावर पाड्यापाड्यांत विखुरलेले, मधे ओढे. नर्सबाईनं बॅग घेऊन पायी फिरायचं.

माझ्या हातात हुकूम होता, तरी आमच्या एल.एच.व्ही. बाईंनी मला एकटीला बाळंतपणाला पाठवायला साफ नकार दिला. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी माझी शिकतानाची वही चाळली. नोंदी सगळ्या व्यवस्थित.

"ह्या सगळ्या सुखरूप सुटलेल्या," त्या म्हणाल्या. "रक्त थांबत नाही अशी किती जणींची पाह्यलीस?"

एकही नाही.

"पायाळू? झटके आलेली?"

तीही नाही.

"मग तीन महिने माझ्याबरोबर ऱ्हा. पाड्यावर मी नसते, डॉक्टर नसतो, दिवापण नसतो."

मला राग आला. बरोबरीच्या मुली आपापल्या गावी रुजू होऊन कामाला लागल्या होत्या, आणि मी मात्र आरोग्य केंद्रात कात्र्या उकळत बसलेली. पण त्या तीन महिन्यांत जे हातात आलं ते वहीत कुठंच नव्हतं. वार पडल्यावर मोठ्या बाई माझा हात धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवत. आवळलेली पिशवी बेंबीखाली नारळासारखी टणक लागते. सैल पडली की हात भिजवलेल्या कणकेत गेल्यासारखा वाटतो. पुस्तकात अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं की धोका, असं दिलेलं. पण लुगडं, गोणपाट आणि सारवलेली जमीन रक्त पिऊन टाकते, ते मोजणार कसं? "जमिनीकडं नको, बाईच्या ओठांकडं बघ, नाडी बघ," त्या सांगत. मेथर्जिनचं इंजेक्शन पिशवी आवळतं तसा रक्तदाबही चढवतं, म्हणून आधी पट्टा बांधायचा. 140/90 च्या पुढं असेल तर सुई बाजूला. झटके आलेल्या एकीला आम्ही जीपमधून जव्हारला नेलं. वाटेत तिचा श्वास कोंडू नये म्हणून तिला कुशीवर कसं धरायचं, हे मी त्या धक्क्यांत शिकले.

पायाळू मात्र मला बघायला मिळालंच नाही. अनुभव काही मागणी नोंदवून येत नाही.

भादव्यात मला एकटीला सोडलं. दीडेक महिन्यानं एका पाड्यावरून रात्री बोलावणं आलं. चौथी खेप. मी पोचेपर्यंत सुईण आजीनं बाळ काढलं होतं, वारही पडली होती. सरकारी शिबिरातून मिळालेलं नवं पातं आणि उकळलेला दोरा तिनं वापरला होता, ते पाहून जीव हलका झाला. पण बाईचे ओठ पांढरे. पोटावर हात ठेवला तर कणीक.

"आजी, हिला लघवी कधी झाली?"

"सांजपासून नाय."

भरलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. रबरी नळी घातली, तपेलीभर निघालं. रक्तदाब वाढलेला नव्हता, उलट उतरत होता, मेथर्जिन टोचलं. आजीला म्हटलं, पोराला छातीशी लाव. मी पोट चोळत राहिले.

"बाय, तू वर चोळ, मी खाली बघते," आजी म्हणाली. तिचं बोट नाडीवर होतं. तिला घड्याळ कळत नव्हतं, नाडी कळत होती. बाहेर माणसांनी डोली बांधून ठेवली होती. ओढ्याला पाणी होतं, पण पिशवी आवळली नसती तर त्या पाण्यातून न्यावंच लागलं असतं. बऱ्याच वेळानं हाताला नारळ लागला. तरी उजाडेपर्यंत मी हात काढला नाही.

आता 108 नंबरची गाडी आहे, बायका दवाखान्यात बाळंत होतात, हे चांगलंच झालं. पण कोवळ्या मुलींना प्रमाणपत्राची शाई वाळायच्या आत एकटीला पाड्यावर धाडतात, ते मला आजही पटत नाही. गाडी रस्त्यापर्यंत येते. रस्त्यापर्यंतचं जे असतं, ते त्या मुलीच्याच हातात असतं.

ती बाई दिवाळीनंतर बाजारच्या दिवशी पोर पाठीला बांधून उपकेंद्रावर आली. ओठ अजून फिकेच. मी लोहाच्या गोळ्या मोजायला घेतल्या, तर तिनं हळूच विचारलं, "बाय, ती तांबी बशिवतं म्हनतात, ती तूच बशिवतं का?"