फुटकी बादली आणि ठरलेली वेळ

काल रात्री पुन्हा 'झुंड' चित्रपट पाहिला. नागराज मंजुळेंचा, 2022चा. अमिताभ आहेत म्हणून लोक बघायला गेले. माझं मन मात्र गोष्टीमागच्या खऱ्या माणसात अडकतं. विजय बारसे, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक. 2001 साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी चेंडू दिला, स्पर्धा भरवली. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली आणि पोरं थेट बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकापर्यंत पोचली.

पण नुसता चेंडू दिला की पोरगा सुधारतो, यावर माझा काडीचा विश्वास नाही. मैदानावर टोळकीही जमतात. खरं काम करतो तो ठरल्या वेळी रोज हजर असणारा माणूस. दोन दिवस पोरगा दिसला नाही, की घराचं दार ठोठावून "कुठंय रे हा?" विचारणारा. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोडांच्या 'ऑस्कर फाउंडेशन'चा नियम साधा आहे: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. संध्याकाळचा खेळ बुडणं पोराला जितकं झोंबतं, तितकं आपलं भाषण कधीच झोंबत नाही.

मुलींचं अवघड आहे. त्यांची संध्याकाळ पाणी भरण्यात आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेण्यात जाते. सरावाची वेळ त्यांना विचारून ठरवावी, हे किती प्रशिक्षकांना सुचतं?

आमच्या वस्तीलगतचं मैदान हल्ली बारमाही मांडवाखाली असतं. नगरसेवक साहेब, स्पर्धांचे चषक तुमच्याकडेच ठेवा. संध्याकाळचे दोन तास तेवढं मैदान मोकळं करून द्या.