जिंतूरच्या माळावरील साग

गेल्या माघात पुतण्याचे पत्र आले: "काका, वरच्या अंगाचा साग तोडावा म्हणतो. मुलीचे लग्न ठरले आहे. सातबाऱ्यावर आपलेही नाव असल्याने आपली संमती हवी." साग स्वतःच्या शेतातील असला, तरी १९६४ च्या वृक्षतोडीसंबंधीच्या कायद्यान्वये तो परवानगीवाचून तोडता येत नाही. हे झाड आमच्या वडिलांनी लाविलेले. सही करण्यापूर्वी त्यास एकवार पाहून यावे म्हणून परभणीहून जिंतूरची वाट धरली.

झरी, बोरीपर्यंत दोहों बाजूंस काळीभोर जमीन. कापूस, ज्वारी व हल्ली सोयाबीन यांस ती मानवते. सागास मात्र नाही. पावसाळ्यात पाणी धरून बसणारी चिकण माती त्याच्या मुळांस सोसत नाही. त्यास निचरा हवा. जिंतूर जवळ आले, की भुई चढू लागते, मुरूम उघडा पडतो, नेमगिरीच्या टेकड्या दिसतात; आणि या उण्या जमिनीतच साग उभा राहतो. परभणी जिल्ह्यात वन मुळातच थोडे. जे आहे ते बहुतांशी याच तालुक्याच्या डोंगराळ भागात.

झाड निष्पर्ण झाले होते. पायांखाली हातभर लांबीची वाळकी पाने पापडासारखी मोडत होती. हेच पान कोवळेपणी चोळले असता बोटे लाल होतात. पावसाळ्यात शेंड्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे मोठाले तुरे येतात, आणि पुढे फुगीर कागदी वेष्टनात कठीण कवचाचे फळ धरते. पाने समोरासमोर जोडीने येतात व कोवळी डहाळी चौकोनी असते. वाचकांनी अंगणातील तुळशीची काडी बोटांत फिरवून पाहावी, तीही चौकोनीच! शाळेत मी सागास निर्गुडीच्या कुळात बसवून शिकवीत असे. पुढे शास्त्रज्ञांनी या दोघांसही तुळशीच्या कुळात नेले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी एवढी दुरुस्ती करून घ्यावी. अंगणातली तुळस आणि माजघरातली तुळई एका कुळातील निघाल्या!

संस्कृतात यास 'शाक' म्हणतात. त्यावरूनच आपला साग. मलयाळी 'तेक्कु' पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला, आणि १७८२ साली धाकट्या लिनिअसने 'टेक्टोना ग्रँडिस' हे शास्त्रीय नाव दिले. याच्या गाभ्यातील द्रव्यांमुळे वाळवी सहसा त्यास शिवत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या आहेत, त्या सागाच्याच.

शेजारी, पूर्वी वादळात पडलेल्या दुसऱ्या सागाचा कापलेला बुंधा होता. पावसाळ्याच्या आरंभी सागाच्या लाकडात रुंद नलिका तयार होतात, पुढे बारीक. म्हणून दर वर्षाचे वलय निराळे दिसते. झाड पडल्याचे साल ठाऊक होते. तेथून आत मोजीत गेलो, तो १९७२ च्या सुमाराची वलये एकमेकांस चिकटलेली आढळली. त्या दुष्काळात वडिलांनी दावणीचे बैल विकले होते. हे साग विकले नव्हते. बराच वेळ मी तेथेच बसून राहिलो.

पुतण्या म्हणाला, "काका, तुमचे मन नसेल तर राहू द्या. कर्ज काढीन."

वडिलांनी झाडे राखिली ती घरासाठीच. नातीच्या लग्नापायी घर कर्जात घालण्यासाठी नव्हे. मी सही केली. अट एकच घातली: खोड जमिनीलगत कापावे, खुंट उपटू नये. सागाच्या जिवंत खुंटास धुमारे फुटतात.

परवानगी येऊन वैशाखात झाड पडले. लग्न यथासांग झाले. आषाढात पुन्हा गेलो, तो खुंटाभोवती सात धुमारे कमरेएवढे वाढलेले. धुमाऱ्यांची पाने जुन्या झाडाच्या पानांहूनही मोठी! पुतण्याने त्यांतला एक सरळ, जोमदार धुमारा निवडून भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण केले, आणि बाकीचे सहा माझ्यासमक्ष खुडून टाकले.