बंद पडणे, बंद ठेवणे

मराठीत गाडी 'बंद पडते' आणि गाडी 'बंद ठेवली जाते'. दोन्हीकडे इंजिन सारखेच मुके असते, फरक कर्त्याचा. आम्ही दोघेही चिपळुणात मराठी शिकवतो, परंतु व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण द्यावे असे गेल्या दसऱ्यापर्यंत आम्हांला सुचले नव्हते.

मामांचे घर परशुरामच्या चढावर. पडवीलगत पत्र्याखाली त्यांची लाल 'स्टॉर्म' उभी असते : सॅन मोटर्सची, दोनच आसनांची, गोव्यात तयार झालेली. काया फायबरग्लासची, पोटात रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. अशा गाड्या मुळात थोड्याच बनल्या आणि आता बनत नाहीत. निवृत्तीनंतर मामांनी ती जुनी विकत घेतली आणि तिच्यापायी यंत्राचे सारे शास्त्र शिकून घेतले. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर बाजारपेठेतली ओळखीची माणसे त्यांना विचारायला येत. ते बजावत : किल्ली फिरवू नका, इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, आतले दांडे वाकतात.

गेल्या वैशाखात मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे तुटक झाले. गाडीवर ताडपत्री पडली, आणि कोकणातला अख्खा पावसाळा तिच्यावरून गेला.

दसऱ्याच्या सुमारास मामेभावाचा मुंबईहून फोन आला. गिऱ्हाईक येणार होते. गाडी चालू करून ठेवायची होती. आम्ही किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. इंजिन गेले, असा निर्णय आम्ही तत्काळ दिला. साहित्याच्या माणसांना अर्थाची घाई फार.

खिडकीतून आवाज आला, "दिवे?"

दिवे मिणमिणत होते.

"मग... बॅटरी."

भरलेल्या बॅटरीने मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवायला हवेत. आमचा काटा ११ च्या आसपास रेंगाळत होता. टोकांवर हिरवट-पांढरी पुटे चढली होती. मामांच्या सांगण्यानुसार आधी ऋण तार सोडवली, गरम पाणी आणि सोड्याने टोके घासली, कोरडी केली. मग शेजाऱ्यांच्या गाडीवरून तारा जोडल्या. धनाला धन, ऋणाचा शेवटचा चिमटा मात्र बॅटरीवर नव्हे, इंजिनाच्या उघड्या धातूवर, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेऊ शकतो.

आता इंजिन फिरू लागले, पण पेटेना.

"फिरतंय," मामा म्हणाले. बऱ्याच वेळाने पुढचा शब्द आला, "पेट्रोल."

किल्ली देताच मागे पंप क्षणभर घुमत होता. म्हणजे पेट्रोल पुढे येत होते, प्रश्न ते कसले आहे हा होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढून घेते, आणि पाणी वाढले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात व टाकीच्या तळाशी बसतात. मेकॅनिकला बोलावून टाकी उपसली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने वर्तमानपत्राची रविवार पुरवणी कुरतडून घर थाटले होते, तेही काढले. प्लग पुसून पुन्हा बसवले.

हे सारे चालले असताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि ती फारशी सुखाची नव्हती. पाच महिने आम्ही दर आठवड्याला या घरी येत होतो. "बरं आहे ना?" असे विचारत होतो आणि मामांचा शब्द ओठांवर येण्याआधी त्यांचे वाक्य आम्हीच पुरे करत होतो. ज्यांना अर्धे चिपळूण प्रश्न विचारत असे, त्यांना उत्तराची खरोखर गरज असलेला प्रश्न आम्ही त्या दिवशी प्रथमच विचारला होता. आणि त्या दुपारी मामा पाच महिन्यांत बोलले नव्हते एवढे बोलले.

चौथ्या प्रयत्नाला इंजिन खोकले, धुराचा लोट सोडला आणि लागले. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बंद पडली... नव्हती." पुढे आणखी काही यायचे होते. आम्ही दोघेही गप्प राहिलो. ते आले नाही; पण आम्ही थांबलो होतो.

रात्री मामेभावाचा फोन आला. विकायची ना, असे त्याने विचारले. "बाबांना विचार," आम्ही सांगितले, "आणि उत्तराला वेळ लागेल. फोन ठेवू नकोस."